दोन बोटांची फट

सायकल घ्यायला गेले तेव्हा
पर्समध्ये महागाई भत्त्याची थकबाकी होती
आणि जेवणाच्या डब्यात
फेटरीच्या पलीकडची, पाणी घालून मळलेली
काळी माती.

नंदनवार हसले. "बाई, गाडी घेता
का पेरणी करता?"

बावीस वर्षं मी माती तपासते.
तिचा सामू, तिच्यातला चुना,
संत्र्याच्या मुळांना ती श्वास घेऊ देते की नाही,
नळीतल्या रंगावरून सांगते.
चाक कसं धरते ती, तेवढं माहीत नव्हतं.
गेल्या सप्टेंबरात कळलं.
जुन्या सायकलीचं पुढचं चाक मडगार्डात गच्च,
देवाजी चाफल्यांच्या बांधापासून डांबरापर्यंत
दीड किलोमीटर खांद्यावर आणली तिला,
पाठीवर नमुन्यांच्या नऊ पिशव्या.
त्या दिवशी एकूण माती किती वाहिली
याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

आधी निघाली पातळ टायरची.
नंदनवारांनी एका बोटावर तोलून दाखवली.
"उडते बाई ही."
उडत असेल.
पण गोळीबार चौक ते मेयो
रस्ता रोज नव्यानं खोदलेला,
आणि रामझुल्याच्या चढावर
मला उडायचं नसतं, पोचायचं असतं.

मग जाड टायरची, पुढे शॉक-ॲब्सॉर्बर,
म्हशीसारखी रुंद.
डांबरावर घुं घुं करत चालते,
रस्त्याशी जुनं भांडण असल्यासारखी.
प्रज्योत म्हणाला, आई, हीच घे, भारी दिसते.
भारी तर मीही दिसायचे एकेकाळी.

मी महिने मोजत होते.
नवतप्यात सीट पोळते,
दुपट्ट्यातून फक्त डोळे उरतात,
तेव्हा गिअर बदलायला डोकं लागू नये.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या गर्दीत
इतवारीतून उतरून चालायचं,
हँडल रुंद असलं की लोक शिव्या देतात.
जानेवारीत फुटाळ्यावर धुकं,
तिथे चाकावर चालणारा दिवा हवा,
चार्जिंग विसरणं आमच्या घरात
आनुवंशिक आहे.
आणि ऑगस्टात ब्रेक.
ओल्या रिमवरचा ब्रेक आधी विचार करतो,
मग थांबतो.

कोपऱ्यात एक होती,
बाटलीच्या काचेसारखी हिरवी, पोलादी,
घंटीवर धूळ.
"ते? ते तीन वर्षं झाले, इथंच हाय.
ना रेसची, ना डोंगराची.
गिऱ्हाइकाले समजतच नाही कायची आहे ते.
अन् सोळा किलो."

मडगार्डाखाली बोटं घातली.
दोन. सरळ. आरामात.
डबा उघडला,
मूठभर माती टायर आणि पत्र्याच्या मधे दाबली,
चाक उचललं, फिरवलं.
दोन फेरे कुरकुरलं.
तिसऱ्याला माती सुटली
आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडली,
चपटी, टायरची नक्षी अंगावर घेऊन.

पोऱ्या झाडू घेऊन धावला.
"राहू दे बे," नंदनवार म्हणाले
आणि चष्मा वर करून
वाकून बघत राहिले,
तीस वर्षं सायकली विकणारा माणूस.

किमतीवर घासाघीस झाली.
त्यांनी चारशे कमी केले,
फरशी पुसायचे पन्नास परत मागितले.
मी दिले.

रामझुल्यावर सगळे पुढे गेले,
स्कूटीवरच्या पोरी, गॅस सिलिंडरवाला,
माझ्याहून म्हातारा एक गृहस्थ सुद्धा.
मी दुसऱ्या गिअरवर, खाली रुळांवर मालगाडी,
कॅरिअरला रिकामा डबा खडखडत.

दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीला
मातीचा वास होता.
दोनदा घासूनही गेला नव्हता.
खाल्ली.